रंग सगळ्यात शेवटी

गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायचं म्हणतोस, बाळा, तेवढं मात्र करू नकोस. श्रावण-भाद्रपदात आपल्या रत्नागिरीकडची भिंत आतून ओली असते. चार महिन्यांत इथे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जांभ्याच्या चिऱ्यांत मुरतो. वरून तैलरंगाचा चकचकीत थर दिलास की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पुढच्या पावसाळ्याआधीच पोपडे सुटतात. गणपतीला भिंतीवरचं शेवाळ घासून काढ, दारं-खिडक्या पूस, तोरण लाव. तेवढ्यानेच घर सणाचं दिसतं. रंगाचं काम दिवाळीनंतर, भिंत तळहाताला कोरडी लागली की काढ.

त्याआधी पाण्याची सोय लाव. आपलं घर रस्त्यावरून कळकट दिसतं ते रंग जुना झाला म्हणून नाही. जोत्यावर आणि त्याच्या वर हातभर लाल चिखलाचे शिंतोडे बसलेत, म्हणून दिसतं. पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीत चर पडतो आणि तिथली माती उसळून भिंतीवर येते. त्या रेषेवर चिऱ्यांचे तुकडे नाहीतर नदीतले गोटे दाटून बसव. अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार दे, दहा फुटांना दोन-अडीच इंच पुरे. एवढं केलंस तर निम्मं काम झालं म्हण. नैऋत्येकडच्या भिंतीवर झड सरळ येऊन आपटते, तिला पावसाळ्यापुरते झाप लाव. निळं प्लास्टिक नको; ते आठ दिवसांत फाटतं आणि वर्षभर तिथेच फडफडत राहतं.

आता चुना. बाजारातला डबा आणणं सोपं आहे, पण जांभ्याच्या भिंतीला चुनाच मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडत राहते. कळीचा चुना आण. मोठ्या भांड्यात आधी पाणी घे आणि त्यात चुना थोडा थोडा सोड, उलट कधी करू नकोस. तो उकळतो, अंगावर उडतो, म्हणून मुलांना लांब ठेव आणि डोळ्यांना चष्मा लाव. विरला की झाकून चार-पाच दिवस राहू दे, मग फडक्यातून गाळ. हाताला लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी किंवा तांदळाची खळ घाल, चिमूटभर नीळ टाक. भिंत आधी पाण्याने भिजवून घे. पहिला हात दुधासारखा पातळच दे. ओला असताना काही दिसत नाही म्हणून लोक घट्ट हात मारतात आणि नंतर भुकटी गळते. तू दम धर, वाळता वाळता तो पांढरा होत जातो. असे तीन पातळ हात दे. जिथे पूर्वी तैलरंग दिलाय तिथे मात्र आधी तो खरवडून काढावा लागेल, त्यावर चुना धरत नाही.

जोत्याला कावेचा पट्टा ओढ. आपली मातीच लाल, तेव्हा उडालेला शिंतोडा त्यात लपून जातो. पांढरी भिंत, तांबडं जोतं आणि वर कौलं, याहून चौथा रंग आपल्या घराला लागत नाही. शहरातून येताना जांभळा-पोपटी घेऊन येऊ नकोस एवढं माझं ऐक.

दारं-खिडक्यांच्या लाकडाला रंगाऐवजी जवसाचं तेल दे. कोरड्या दिवसांत फडक्याने चोळून मुरव आणि वर उरलेलं पुसून टाक, नाहीतर चिकट राहतं. ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप तापून पेट घेतात. मोकळी पसरून वाळू दे.

कौलं पत्र्यासाठी उतरवू नकोस. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याने आपल्याकडे आली. प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी असते, म्हणून नवं कौल जुन्यात नीट बसत नाही आणि गळतं. जवळपास कुठे जुनं घर उतरवत असतील तिथून त्याच छापाची पन्नासेक कौलं घेऊन ठेव.

दिवाळीआधी अंगण चोपून सारवून घे, तुळशीच्या लग्नाला ते लागतंच. वृंदावनाला चुन्याचा हात पहिला, भिंतींना नंतर. फरशी घालायचीच असेल तर पायवाटेपुरती घाल. सगळं अंगण सिमेंटने बंद केलंस तर पाणी विहिरीकडे मुरायचं थांबेल आणि उन्हाळ्यात पडवीत बसवणार नाही.

फुलझाडं भिंतीपासून तीन फूट लांब लाव. चिकटून लावलीस की ओल आणि वाळवी दोन्ही घरात येतात. फाटकाशी जास्वंद, खिडकीसमोर मोगरा, न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्का आणि केळ. गडग्यात किंवा भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर बोटाएवढं असतानाच मुळासकट उपट. गडगा सिमेंटने सांधू नकोस. तो पाणी जाऊ देतो म्हणून टिकतो, ढासळलेला चिरा फक्त परत बसव.

सूनबाईंना घेऊन एकदा समोरच्या रस्त्यावर उभा राहा. तिथून दिसणारी काळी टाकी मागच्या बाजूला घे, लोंबणाऱ्या वायरी वायरमनकडून एका पाइपात घालून घे. पडवीत पिवळा दिवा एकच पुरे, खाली उजेड पाडणारा.

शाकारणीची माणसं मात्र चैत्रातच सांगून ठेव. मृग तोंडावर आला की सगळ्या वाडीला तीच दोन माणसं हवी असतात.