११७ कोरोक

२०१९च्या जूनमध्ये माझा दादा न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत भाच्यासाठी निन्टेन्डोचा स्विच होता. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. पहिल्याच संध्याकाळी त्याने 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' लावला आणि आमच्या नाशिकच्या घरात एक नवा शब्द आला, कोरोक. त्या खेळात डोंगरमाथ्यावर, दगडाखाली, झाडाच्या ढोलीत लपलेले हे छोटे वनातले जीव एकूण ९०० आहेत. प्रत्येक सापडला की एक बी मिळतं. कोणता कोरोक कुठे सापडला हे मुलगा एका शंभरपानी वहीत लिहून ठेवायचा, बाजूला पेन्सिलीने छोटा नकाशाही काढायचा. सप्टेंबरपर्यंत वहीत ११७ नोंदी झाल्या होत्या.

त्या ११७ कोरोकांचं सेव्ह माझ्या हातून गेलं. कसं गेलं ते सविस्तर सांगते, कारण यातली एकही चूक अवघड नव्हती आणि प्रत्येक टाळता येण्यासारखी होती.

दादा परत गेला आणि जुलैमध्ये आठवड्याच्या अंतराने दोन बातम्या आल्या. १० जुलैला स्विच लाइट जाहीर झाला. १७ जुलैला कळलं की मूळ स्विचचंच सुधारित मॉडेल येतंय, किंमत तीच आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकणारी. जुन्याला अडीच ते साडेसहा तास, नव्याला साडेचार ते नऊ. 'झेल्डा'साठी कंपनीचाच अंदाज होता, जुन्यावर सुमारे ३ तास, नव्यावर साडेपाच. बॅटरी तीच, ४३१० एमएएचची. बदलली होती ती आतली चिप. तेच काम करणारी चिप आता जास्त बारीक प्रक्रियेने, २०ऐवजी १६ नॅनोमीटरवर बनत होती, म्हणून वीज कमी खात होती. खेळ तेच आणि त्यांचा वेगही तोच.

हे सगळं मी तेव्हाच वाचलं होतं. तरी मनात एकच वाक्य बसलं, दादाने सहा आठवडे थांबायला हवं होतं. त्या दिवसापासून मला आमच्या स्विचची बॅटरी कमी वाटायला लागली. आदल्या दिवसापर्यंत ती तेवढीच होती आणि तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सप्टेंबरमध्ये कामासाठी मुंबईला गेले, तेव्हा स्विच पर्समध्ये घातला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गेले. तेव्हा भारतात स्विचची अधिकृत विक्री नव्हती, त्यामुळे सगळा माल बाहेरून आलेला. जुना देऊन नवा घ्यायचा, वरचे अकरा हजार द्यायचे, असं ठरलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमचा डेटा पुसून द्या, नाहीतर तुमचं अकाउंट राहील आत." बरोबरच होतं त्याचं. मी मेमरी कार्ड काढून पाकिटात ठेवलं आणि मशीन पूर्ण रिकामं केलं. मनात खात्री होती की खेळ कार्डात आहे, म्हणजे सगळं कार्डात आहे.

स्विचमध्ये डाउनलोड केलेला खेळ कार्डात जातो, पण सेव्ह कार्डात जात नाही. ते मशीनच्या आतल्या मेमरीत राहतं. दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर दोन्ही मशीन शेजारी ठेवून वापरकर्ता हलवावा लागतो, नाहीतर वर्गणी भरून क्लाउडवर प्रत ठेवावी लागते. मी यातलं काहीच केलं नव्हतं. वर्गणी भरली असती तरी ती सोय प्रत्येक खेळाला मिळत नाही, 'पोकेमॉन लेट्स गो'ला मिळत नव्हती.

रात्री घरी आल्यावर मुलाने मशीन सुरू केलं. खेळ पुन्हा उतरवला. सुरुवातीला नायक गुहेत जागा होतो तिथून खेळ सुरू झाला. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग विचारलं, "आई, माझे कोरोक?" मी उत्तर देऊ शकले नाही. तो रडला नाही, वही उचलून दप्तरात ठेवली. त्यानंतर कित्येक महिने त्याने तो खेळ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी खोक्याकडे नीट पाहिलं. नव्या मॉडेलचं खोकं पूर्ण लाल असतं. माझ्यासमोर होतं ते जुनं, हातात धरलेल्या स्विचचं चित्र असलेलं. मशीनच्या मागे मॉडेल नंबर एचएसी-००१ होता. नव्यावर त्याच्यापुढे कंसात उणे ०१ असतं. सीरियल नंबर एक्सएडब्ल्यूने सुरू होत होता, अमेरिकेतला सुधारित माल एक्सकेडब्ल्यूने सुरू होतो. दुकानात फोन केला. बिल नव्हतं. "नवाच दिलाय, पॅकच होता ना?" पॅक होता, हे खरं. अकरा हजार देऊन मी जुन्याच्या बदल्यात जुनाच आणला होता, आणि त्यातलं जे आमचं होतं तेवढंच मागे टाकून आले होते.

आता जे सांगायचं ते याच अनुभवातून आलंय.

हँडहेल्डचं सुधारित मॉडेल येणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. निन्टेन्डो डीएस नोव्हेंबर २००४मध्ये आला, दीड वर्षाच्या आत डीएस लाइट. सोनीचा पीएसपी डिसेंबर २००४चा, २००७मध्ये सडपातळ पीएसपी. थ्रीडीएस फेब्रुवारी २०११चा, २०१२च्या उन्हाळ्यात एक्सएल. स्टीम डेक फेब्रुवारी २०२२चा, नोव्हेंबर २०२३मध्ये ओलेड. म्हणजे तीन वर्षांच्या आत काहीतरी येतंच. बाजारात येऊन दोन वर्षं झालेलं मशीन घेताना ही गोष्ट मनात धरूनच घ्यावं. मग बातमी आली तरी फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. आणि सवड असेल तर घेण्याआधी आठवडाभर बातम्या चाळाव्यात. २०१९मध्येही अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाकडे दिलेल्या कागदांतून बदल होणार हे घोषणेआधी बाहेर आलं होतं.

मग खरा प्रश्न येतो, बदललं काय? नवं म्हणजे जास्त चांगलं, हे गृहीत धरू नये. पीएस व्हिटाचं दुसरं मॉडेल २०१३मध्ये जपानमध्ये आलं, तेव्हा ते पातळ होतं, हलकं होतं, चार्जिंगला साधी मायक्रो यूएसबी वायर चालत होती, पण ओलेड स्क्रीन जाऊन एलसीडी आला होता. पहिल्या मॉडेलवाल्यांनी आपलं मशीन जपून ठेवलं आणि आजही ठेवतात. पीएसपी ३००० आला तेव्हा हलत्या चित्रावर आडव्या रेघा दिसतात म्हणून लोक वैतागले. ज्यांनी आधीचा पीएसपी २००० ठेवला होता त्यांचं काही बिघडलं नाही. पीएसपी गोमध्ये तर डिस्कचा कप्पाच नव्हता. कपाटभर यूएमडी डिस्क जमवलेल्या माणसाला त्या मशीनचा काय उपयोग? डीएसआयमधून गेम बॉय अॅडव्हान्सची खाच गेली, स्विच लाइट टीव्हीला जोडता येत नाही. म्हणून जाहिरातीत काय वाढलं ते मोठ्या अक्षरांत वाचल्यावर काय काढलं ते मुद्दाम शोधावं. ते बहुधा शेवटच्या तक्त्यात सापडतं.

राग येण्याजोगं प्रकरण माझ्या मते एकच आहे. नव्या मॉडेलवरच चालणारे खेळ निघतात तेव्हा. 'न्यू थ्रीडीएस' या सुधारित मॉडेलवर २०१५मध्ये 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी' आला आणि जुन्या थ्रीडीएसवर तो चालत नव्हता. तिथे जुन्या मालकाच्या हातातून खरंच काहीतरी जातं, पुढचे खेळ जातात. त्या तक्रारीला मी पूर्ण मान देते. तसे खेळ किती येणार याचा अंदाज घेऊन मशीन बदलणं हा समजूतदार निर्णय ठरू शकतो, पण तोही तो खेळ आपल्याला खेळायचाच असेल तर. २०२१मध्ये उलटं झालं. कित्येक महिने 'फोर के'वाला स्विच येणार अशी चर्चा होती, लोकांनी तो मनात विकतही घेतला होता. ६ जुलैला प्रत्यक्षात जाहीर झाला तो ओलेड स्विच : सात इंची सुंदर स्क्रीन, ६४ जीबी, चांगला स्टँड, आत चिप तीच. केवढी निराशा पसरली तेव्हा! पण आधीच्या स्विचवाल्याचा एकही खेळ त्या दिवशी बंद पडला नाही.

तुलनेची ही गंमत मी लहानपणापासून ओळखून असायला हवी होती. आमच्या घरात आधी ब्रिक गेम होता, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. २००४मध्ये मामाने दुबईहून गेम बॉय अॅडव्हान्स एसपी आणला. त्याचा दिवा स्क्रीनच्या पुढून उजेड टाकायचा, तो उजेड थोडा फिकट असायचा, आणि मी त्यावर दोन वर्षं अंधारात गोधडीखाली खेळले. मग मामेबहिणीकडे मागून उजेड देणारा नंतरचा एसपी पाहिला. दोन्ही शेजारी धरले आणि त्या क्षणी माझा एसपी मंद झाला. तोवर तो कधीच मंद नव्हता.

म्हणून आता कुणी विचारायला आलं की मी मॉडेलबद्दल नंतर बोलते, आधी विचारते की तू खेळतोस कुठे. आमचंच उदाहरण. मुलगा घरी सोफ्यावर खेळायचा, प्लग दोन हातांवर. साडेपाच तास सलग खेळायला मी त्याला देणारच नव्हते. बॅटरी अपुरी पडायची ती फक्त मला, महिन्यातून दोनदा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये, तेही कल्याण मागे टाकल्यावर. स्विच यूएसबी सी वायरने पॉवर बँकेवर चार्ज होतो. दीड हजारांच्या पॉवर बँकेने जे सुटलं असतं त्यासाठी मी अकरा हजार मोजले.

नोव्हेंबर २०२३मध्ये आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा संध्याकाळी दारात उभा राहिला. पहिल्या नोकरीच्या पैशांतून त्याने ऑक्टोबरमध्ये स्टीम डेक घेतला होता, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, छापील किमतीपेक्षा बऱ्याच चढ्या भावाने. ९ तारखेला ओलेड जाहीर झाला. "काकू, मी पार फसलो," म्हणाला. कोणीतरी गिऱ्हाईकही आणून दिलं होतं त्याला, निम्म्या किमतीत.

त्याला आत बसवलं. चहा झाल्यावर दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवून वाचले. स्क्रीन सात इंचांची ७.४ इंच झाली, ६०ऐवजी ९० हर्ट्झ, बॅटरी ४०वरून ५० वॉट-तास, वजन २९ ग्रॅमने कमी. चिप आकाराने लहान झाली, ताकद जवळपास तीच. मग त्याला विचारलं, तू खेळतोस कसा? तो टेबलावर मॉनिटरला जोडून, वेगळ्या कंट्रोलरवर खेळत होता. म्हणजे ज्या स्क्रीनसाठी तो मशीन निम्म्या भावात द्यायला निघाला होता, ती तो बघतच नव्हता. "प्रवासात कधी नेलास?" "एकदाच." त्यानेच गिऱ्हाईकाला फोन करून नाही सांगितलं.

पण त्याच्या जागी रोज तीन तास लोकलने जाणारा कुणी असता तर मी त्याला बदल म्हटलं असतं. बाहेर हातात धरून खेळणाऱ्याला स्क्रीन आणि बॅटरी म्हणजेच सगळं मशीन. फक्त विकण्याआधी दोन गोष्टी करायला लावल्या असत्या, आणि त्या मी सगळ्यांना सांगते. नवं मशीन हातात येऊन त्यावर आपलं सेव्ह उघडलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत जुनं देऊ नये, व्यापारी कितीही घाई करो. क्लाउडवर आहे म्हणून कुणी सांगितलं तरी एकेक खेळ उघडून पाहावा. स्टीमवरसुद्धा प्रत्येक खेळाला क्लाउडची सोय नसते. दुसरं, खोकं फोडण्याआधी मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर वाचावा, त्याचा फोटो काढावा, आणि तोच नंबर लिहिलेलं बिल घ्यावं. बिलासाठी जास्त पैसे मागतात, ते द्यावेत. नंबर वाचू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावं, लॅमिंग्टन रोड लांबलचक आहे.

आणि घरात मूल खेळत असेल तर त्याला विचारल्याशिवाय मशीन बाहेर नेऊ नये. माझं मशीन नव्हतंच ते. दादाने ते त्याला दिलं होतं.

२०२०च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मुलाने स्वतःहून ती शंभरपानी वही काढली. पहिल्या पानावरच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली. सापडलेल्या कोरोकसमोर हिरव्या पेनाने खूण करायचा. एक नकाशा चुकीचा निघाला, तो त्याने खोडून पुन्हा काढला. मी शेजारी बसून पान उलटत होते आणि त्याने मला उलटू दिलं.

गेल्या वर्षी, २०२५मध्ये, दादाकडून स्विच २ आला. सोळा वर्षांच्या मुलाने दोन्ही मशीन जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवली, डेटा हलवला, मग 'झेल्डा' उघडून कोरोकांचा आकडा वहीशी ताडून पाहिला. जुना स्विच विकायचा का, असं मी विचारलं नाही. तो टीव्हीखालच्या खणात आहे, वहीसकट.