शेजाऱ्यांनी पाठविलेली धावपटू

मुंबईच्या वांद्रे या उपनगरात मेरी डिसोझा नावाच्या एक चपळ धावपटू राहत असत. १९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने भरले. त्यांत २०० मीटरांच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. पुढच्याच वर्षी फिनलंडमधील हेलसिंकी येथे होणाऱ्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. परंतु एवढ्या दूरच्या प्रवासास पैसा कोठून आणावा? तेव्हा स्नेही व शेजारी पुढे सरसावले आणि त्यांनी पैसे जमविले.

हेलसिंकीस १०० व २०० मीटरांच्या प्राथमिक फेऱ्यांतच मेरी मागे पडल्या. पण खचल्या नाहीत. १९५४ साली मनिला येथील आशियाई सामन्यांत भारताच्या चौघींनी प्रत्येकी १०० मीटर धावून सांघिक शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. त्या चौघींत मेरी होत्या.

धावणारा एकटा दिसतो. परंतु त्याच्या पाठीशी कितीएकांचे हात असतात.