संगणकात गुपचूप चालणारे प्रोग्रॅम : कोणते ठेवावेत, कोणते बंद करावेत?

सकाळी दुकान उघडून संगणक सुरू करावा आणि बिल निघेपर्यंत पाच-दहा मिनिटे गिऱ्हाईक ताटकळत उभे राहावे, हा अनुभव अनेक व्यापारी बंधूंना आहे. 'यंत्र जुने झाले, नवे घ्या' असा सल्लाही लगेच मिळतो. परंतु हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी. आपण न उघडलेले किती प्रोग्रॅम आत चालू आहेत?

संगणक सुरू होताच काही प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात आणि दिवसभर चालू राहतात. प्रत्येक जण मेमरीत थोडी जागा अडवतो. मेमरी भरली की विंडोज तिच्यातील माहिती डिस्कवर हलवते. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद असते, म्हणून सगळे काम रेंगाळते.

यादी कशी पाहावी? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपचा विभाग आहे. कोणता प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो आणि त्यामुळे संगणक सुरू होण्यावर किती भार पडतो, हे तेथे दिसते. एखाद्या नावावर 'डिसेबल' केले तरी तो प्रोग्रॅम पुसला जात नाही. फक्त आपोआप सुरू होणे थांबते. हवा तेव्हा तो हाताने उघडता येतो.

आता या यादीचे तीन भाग करा.

पहिला भाग : ज्यांना हात लावू नये. व्हायरसपासून रक्षण करणारा प्रोग्रॅम, फायरवॉल आणि विंडोज अपडेट. हे तिघे रिकामे बसल्यासारखे दिसतात, पण ते दुकानाचे राखणदार आहेत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या व्हायरसने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले. वेग वाढावा म्हणून अपडेट कायमचे बंद करणे म्हणजे उधारीची वही उघड्यावर टाकणे होय. मात्र बाहेरून घेतलेले दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

दुसरा भाग : धंद्यानुसार ठरवावेत. 'प्रिंट स्पूलर' ही सेवा छपाईची कामे रांगेत लावते. ज्या संगणकावरून काहीच छापले जात नाही, तेथे तिची गरज नाही. पण बिल छापणाऱ्या दुकानात ती हवीच. एका दुकानात सणाच्या ऐन गर्दीत बिले छापणे थांबले. प्रिंटर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला धाडला. नंतर कळले की वेग वाढवण्याच्या नादात कोणीतरी स्पूलरच बंद केला होता.

हिशोबाच्या प्रोग्रॅमची परवाना तपासणारी सेवा आणि हिशोबाची प्रत इंटरनेटवर ठेवणारे गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह यांचेही असेच आहे. प्रत ठेवणे थांबले तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. ज्या दिवशी डिस्क निकामी होते, त्या दिवशी नुकसान कळते.

दूरून संगणक हाताळू देणारे एनीडेस्कसारखे प्रोग्रॅम दुरुस्तीपुरतेच उघडावेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे असा दरवाजा दिवसभर उघडा ठेवू नये.

तिसरा भाग : खुशाल थांबवावेत. गाण्यांचे व खेळांचे प्रोग्रॅम, कधीतरीच लागणारी बैठकीची ॲप, खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहणारे ब्राउझर. यांना आपोआप सुरू होऊ देण्याचे कारण नाही.

काम कसे करावे? एकदम दहा नावे बंद करू नका. एक बंद करा, वहीत तारखेसह लिहा आणि संगणक पुन्हा सुरू करा. बिल छापून पाहा, हिशोब उघडून पाहा, स्कॅनर चालवून पाहा. एक दिवस सुरळीत गेला तरच पुढचे नाव घ्या. काही अडले तर वही पाहून तेवढेच पुन्हा चालू करा. नाव अनोळखी असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय बंद करू नका. विंडोजच्या स्वतःच्या सेवा तर आहेत तशाच राहू द्या.

थोडक्यात, प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत : हा कोणाचे काम करतो? तो रोज लागतो का? तो बंद केला तर काय अडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बटण दाबू नये. एवढे करूनही संगणक रेंगाळत असेल, तर मेमरी वाढवण्याचा किंवा नव्या यंत्राचा विचार जरूर करावा.