एक जोडणी, अनेक उपकरणे : घरातील इंटरनेटची वाटणी



पिंपरी, भोसरी, चिखलीपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात कामगारांची घरे फार. दोन-तीन खोल्यांच्या या घरांत टीव्ही, त्याचा सेट टॉप बॉक्स, धाकट्याचे गेम खेळण्याचे यंत्र आणि शिकणाऱ्या मुलीचा संगणक एकाच भिंतीलगत नांदत असतात. इंटरनेटची जोडणी मात्र एकच. सन २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद पडून वर्ग घरात आले, तेव्हापासून ही एक वायर कोणाच्या वाट्याला किती, हा अनेक घरांतला रोजचा वाद होऊन बसला. वडील पाळी संपवून येतात, क्रिकेटचा सामना लावतात, आणि मुलीचे व्याख्यान अडखळू लागते. मग दोहोंपैकी एक बंद करावे लागते, आणि बहुधा अभ्यासच बंद होतो. वस्तुतः दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. ते कसे, हे समजावून घेण्यासाठी हा लेख.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. याच निगमच्या पूर्वसुरींच्या काळात, १९७१ साली, चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावजवळ आर्वी येथे परदेशी दूरसंचारासाठी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले होते. म्हणजे हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. प्रारंभी टेलिफोनच्या तारेवरून एका वेळी एकच संगणक जोडला जाई, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून राही. आता काचतंतूची जोडणी आली, वेग शेकडो पटींनी वाढला. पण घरात येणारी वायर एकच राहिली.

आता मुख्य प्रश्न. इंटरनेटवर प्रत्येक उपकरणास पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हा घरातील प्रत्येक यंत्रास स्वतंत्र पत्ता मिळणे नाही. मग चार यंत्रे एका पत्त्यावर कशी चालतात?

यासाठी एमआयडीसीतील कारखान्याचे उदाहरण घ्या. बाहेरच्या जगाला कंपनीचा एकच पत्ता ठाऊक असतो. आत मशीन शॉप, पेंट शॉप, स्टोअर असे विभाग असतात, पण ही नावे प्रत्येक कंपनीत तीच, त्यामुळे बाहेर त्यांचा उपयोग नाही. स्टोअरने माल मागवला की गेटवरच्या नोंदवहीत नोंद होते. माल आला की नोंद पाहून तो स्टोअरलाच जातो. राऊटर हा असाच गेटवरचा माणूस. घरातील यंत्रांना तो १९२.१६८ ने सुरू होणारे आतले पत्ते वाटतो, कोणी काय मागवले याची नोंद ठेवतो, आणि उत्तर ज्याचे त्याला पोचवतो. ज्याची नोंद नाही असा पाहुणा गेटवरूनच परत जातो. काही सेवादार तर अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे गेटाबाहेर आणखी एक गेट. गेम खेळताना मित्राशी थेट जोडणी होत नसेल तर पुष्कळदा कारण हे असते, आणि तेथे घरातला राऊटर बदलून काही साधत नाही.

राऊटरच्या मागे साधारणतः दोन ते चार पोर्ट असतात. ते कमी पडल्यास पाच किंवा आठ पोर्टचा स्विच घ्यावा. राऊटरमधून एक वायर स्विचला, स्विचमधून प्रत्येक यंत्रास एक, एवढेच काम. येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. बाजारात एका तोंडाची दोन तोंडे करणारा छोटा जोड स्वस्तात मिळतो. त्यात तारा नुसत्या एकत्र जोडलेल्या असतात. नोंद ठेवणारे, वाट दाखवणारे आत काहीच नसते. दोन यंत्रे एकदम लावली की दोन्ही अडतात. विजेच्या मल्टिप्लगप्रमाणे हा जोड चालेल, ही समजूत सोडून द्यावी. स्विचला विजेचा अडॅप्टर लागतो, हीच त्याची ओळख.

घरात जुना राऊटर पडून असेल तर तोही स्विच म्हणून चालतो. त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राऊटरहून वेगळा ठेवावा, आणि वायर त्याच्या इंटरनेटच्या तोंडात न लावता लॅनच्या तोंडात लावावी. एकाच वायरची दोन्ही टोके मात्र एकाच स्विचमध्ये लावू नयेत; संदेश गोल फिरत राहून सारे घर ठप्प होते.

आता वेगाचा हिशेब. सर्वांत स्पष्ट, म्हणजे ‘फोर के’ चित्रास १५ ते २५ एमबीपीएस लागतात, साध्या एचडीस सुमारे ५, ऑनलाइन वर्गास त्याहूनही कमी. तेव्हा ५० एमबीपीएसच्या जोडणीत टीव्ही आणि वर्ग सहज मावतात. मग अडखळते कशाने? एक, दाट वस्तीत शेजारपाजारचे वायफाय एकमेकांवर आदळते, जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच. दोन, गेमचे नवे रूप उतरवून घेताना ते यंत्र मिळेल तेवढा वेग ओढून घेते. म्हणून जे जागचे हलत नाही ते वायरीने जोडावे, मोबाईलला वायफाय ठेवावे, आणि गेम उतरवण्याचे काम रात्री बारानंतर लावावे. महागडी योजना घेण्यापूर्वी एवढे करून पाहावे असे मला वाटते.

वायरीविषयी थोडे. आत आठ तारांच्या चार जोड्या असतात व प्रत्येक जोडी पिळलेली असते; या पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट परस्पर नाहीसा होतो. १०० एमबीपीएससाठी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटसाठी चारही. एखादी तार तुटली तर पुष्कळदा जोडणी चालते पण वेग १०० वर अडकतो, आणि दोष सेवादारावर जातो! वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची लवकर मोडते. २३० व्होल्टच्या वायरीशी एकाच पाइपातून ती नेऊ नये. पॅनेल वायरिंग करणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगायला नकोच.

शेजाऱ्यास वायर देण्याची आपल्याकडे चाल आहे. वरील गेटचे उदाहरण येथे आठवावे : शेजारी काय पाहतो ते बाहेर तुमच्याच पत्त्यावर नोंदले जाते, आणि जोडणी ज्याच्या नावे, चौकशी त्याचीच होते. शिवाय गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून नेलेली तांब्याची वायर मे महिन्यातील वळवाच्या विजांत राऊटर, स्विच व टीव्ही एकदम जाळू शकते. असे अंतर काचतंतूनेच पार करावे; ते होईपर्यंत आभाळ गडगडू लागताच राऊटरचा प्लग आणि बाहेरून आलेली वायर, दोन्ही काढून ठेवावीत.