यंत्र आधी की अध्ययन आधी?

मानसशास्त्राच्या पेपरात ‘अध्ययनाच्या उपपत्ती सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास येतो. आपण पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचे मांजर आणि कोहलरचा चिंपांझी अशी सारी प्राणिसंपदा उत्तरपत्रिकेत उतरवितो, गुण मिळवितो आणि विसरतो. इकडे वर्गात प्रोजेक्टर येतो, स्मार्ट बोर्ड येतो, मोबाईलवरच्या चाचण्या येतात. यंत्र कोणते घ्यावे, त्याचा पडदा किती मोठा असावा, याची चर्चा पुष्कळ होते. पण त्या यंत्रासमोर बसलेला विद्यार्थी मनात नेमके काय करीत असतो, याची चर्चा कानावर येत नाही. वास्तविक प्रत्येक शैक्षणिक साधनाच्या पोटात, माणूस कसा शिकतो याविषयीची एखादी कल्पना दडलेली असतेच. ती कल्पना आपल्या पाठाला मानवणारी आहे की नाही, हे पाहणे शिक्षकाचे काम. या लेखात त्याची काही उदाहरणे घेतली आहेत. त्यांतले एक फजितीचे आहे आणि ते माझेच आहे.

१९५३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहण्यास गेले. तेथे त्यांना दोन गोष्टी खटकल्या. सर्व मुलांना एकाच गतीने चालावे लागत होते. आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलाला लगेच कळत नव्हते. प्रयोगशाळेत कबुतराच्या वर्तनाला क्षणार्धात प्रबलन मिळत होते, मुलाला मात्र वही तपासून येईपर्यंत थांबावे लागत होते! यातून त्यांचे अध्यापन यंत्र निघाले आणि पुढे क्रमान्वित अध्ययनाची चळवळ उभी राहिली. त्यात आशयाचे लहान लहान टप्पे पाडलेले असत. प्रत्येक टप्प्यावर मुलाने उत्तर द्यावयाचे, ते लगेच पडताळावयाचे आणि आपल्या गतीने पुढे जावयाचे.

आज मोबाईलवर चार पर्यायांची चाचणी सोडविताना आपण स्किनरचेच यंत्र वापरतो असे वाटेल. पण पर्याय निवडण्याचे यंत्र त्यांच्याही आधी, १९२० च्या दशकात, सिडनी प्रेसी यांनी बनविले होते, आणि स्किनर यांचा त्या पद्धतीला आक्षेप होता. विद्यार्थ्याने उत्तर ओळखू नये, ते स्वतः रचावे, असा त्यांचा आग्रह होता. हा भेद बारीक वाटतो, परंतु संस्कृतची विभक्तिरूपे पाठ करणाऱ्याला तो चटकन पटेल. चारांतून ‘रामेण’ ओळखणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर लिहिणे वेगळे. पाढे, शुद्धलेखन, शब्दसंग्रह अशा सरावाच्या गोष्टींसाठी स्किनर यांची वाट आजही उपयोगाची आहे. परंतु एखाद्या ऐतिहासिक घटनेची कारणमीमांसा अशा टप्प्यांत कापू लागलो, तर हाती नुसते कपटे उरतील.

दुसरा विचार स्मृतीचा. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखविले की माणूस एका वेळी सुमारे सातच घटक ध्यानात धरू शकतो. पुढील संशोधकांनी तो आकडा चाराच्या आसपास आणला. याच मर्यादेच्या आधारावर जॉन स्वेलर यांनी १९८८ च्या सुमारास बोधनभाराची उपपत्ती मांडली. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत तर असे आढळले की चित्र आणि निवेदन एवढेच दिले असता जे साधते, ते निवेदनातीलच मजकूर पडद्यावरही छापला असता कमी साधते. डोळा शब्द वाचतो, कान तेच शब्द ऐकतो आणि चित्राकडे पाहायला कोणी उरत नाही. पडद्यावरचे बारा-पंधरा ओळींचे मुद्दे गुरुजनांनी ओळीने वाचून दाखविल्याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. आम्ही विद्यार्थी तरी कोठे कमी आहोत! परिसंवादात आम्हीही तेच करतो आणि श्रोत्यांकडे पाठ करून पडदा वाचतो. खडू-फळ्याचा एक गुण येथे आठवतो: हाताला वेळ लागे, म्हणून मुद्दे एकेक करून येत.

आता माझी फजिती. चित्र दाखविले की समजते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. तो प्रयोग भव्यच होता. पण मुलांच्या डोक्यात आधीपासून काय आहे, हे उपग्रहाला त्याच क्षणी उलट कळण्याची सोय नव्हती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात सातारा जिल्ह्यातील एका शाळेत सातवीला ‘ऋतू कसे होतात’ हे शिकविताना मी नेमका तोच उपग्रह झाले. शाळेच्या दूरदर्शन संचाला मोबाईल जोडून एक सुंदर चित्रफीत दाखविली. ‘समजले का?’ म्हणताच सर्वांनी एका सुरात ‘हो!’ म्हटले.

मग सहज विचारले, उन्हाळा का होतो? ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.’ जवळजवळ सगळ्यांचे हेच उत्तर. चित्रफितीने ही समजूत घालविली तर नाहीच, उलट पक्की केली, कारण तिच्यात पृथ्वीची कक्षा तिरकस कोनातून, लांबट अंड्यासारखी दिसत होती. मुलांचा यात दोष नाही. १९८७ च्या एका अमेरिकन माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतूंचे किंवा चंद्रकलांचे कारण विचारले होते. त्यांपैकी २१ जणांच्या उत्तरांत अशाच चुकीच्या कल्पना निघाल्या.

पियाजे यांची सात्मीकरण आणि समायोजन ही जोडी मी परीक्षेत लिहिली होती. ती कळली मात्र त्या दिवशी. नवी माहिती मूल आपल्या जुन्या साच्यात बसवून घेते. साचा बदलावयाचा तर तो अडला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संच बंदच ठेवला. मुले शाली गुंडाळून बसली होती. आधी तीन कारणे फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाने आपले उत्तर बोटांनी, छातीशी धरून दाखवावे असे सांगितले. मग शेजाऱ्याशी भांडून घ्यायला पाच मिनिटे दिली. ही युक्ती हार्वर्डमधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांची. १९९१ पासून ते ती वापरीत आले; पुढे त्यासाठी विजेची बटणे आली, पण बोटांनीही भागते. तिच्यामागे व्हायगॉट्स्की यांचा विचार आहे: मुलाला एकट्याने जे जमत नाही ते जरा पुढच्या सोबत्याच्या आधाराने जमते. त्यानंतर सांगितले की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे याच दिवसांत, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभी, सुमारे १५ कोटी २१ लाखांवर. वर्गात शांतता पसरली. ‘मग ही थंडी कसली?’ एक मुलगा पुटपुटला.

तेव्हा विजेरी काढली. चौकटींच्या कागदावर सरळ धरली तर लहान, लख्ख वर्तुळ; तिरकी धरली तर पसरट आणि फिका उजेड. चौकटी मुलांनीच मोजल्या. मग साडेतेवीस अंश कललेला पृथ्वीगोल दिव्याभोवती फिरविला आणि शेवटी तीच चित्रफीत पुन्हा लावली, या वेळी आवाज बंद करून. निवेदन मुलांनी केले. कक्षा लांबट दिसताच एकजण ओरडला, ‘हे खोटं आहे, ती गोलच असते!’ कक्षा अगदी गोल नसते, पण जवळजवळ गोल असते, एवढी दुरुस्ती मी केली.

सीमोर पॅपर्ट हे जिनिव्हात पियाजे यांच्याजवळ काम केलेले गणितज्ञ. १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली, तीत मूल यंत्राला आज्ञा देते. स्किनरांचे यंत्र मुलाला विचारते, पॅपर्टांचे मूल यंत्राला शिकविते. आमच्या बंद आवाजाच्या चित्रफितीत त्याचा अगदी ओझरता अंश होता, एवढेच.

निघताना एका मुलीने अडविले. ‘ताई, सूर्य सगळ्यात वर जूनमध्ये येतो म्हणता, मग कडक ऊन मे महिन्यात कसं?’ याचे उत्तर सांगून टाकण्याचा मोह झाला. त्याऐवजी शाळेच्या वर्गशिक्षकांच्या संमतीने एक काम दिले: मे महिन्यात रोज साडेबाराच्या सुमारास अंगणात बादली पालथी घालून तिची सावली पाहावयाची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षकांच्या मोबाईलवरून एक छायाचित्र आले. सारवलेले अंगण, मध्ये लाल बादली आणि तिच्याभोवती कोठेही सावली नाही. खाली लिहिले होते: ‘सूर्य आमच्या डोक्यावर आजच आला. जूनमध्ये पाऊस असतो. अजून काय बघू?’