कुर्बानीचा अर्थ

आपल्यापैकी अनेकजण स्वतः पालक आहेत. सणाच्या दिवशी मूल 'हे असे का?' असे विचारते, तेव्हा उत्तर देणे सोपे नसते. बंगळुरूमधील बकरी ईदच्या निमित्ताने या पाठात आपण त्याचा विचार करू.

बकरी ईद, म्हणजेच ईद-उल-अज्हा, जिल्हिज्ज महिन्याच्या दहाव्या दिवशी येते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हा सण दरवर्षी तितका अलीकडे सरकतो. ईदपूर्वी बंगळुरूच्या चामराजपेठेत अनेक वर्षे मेंढ्यांचा बाजार भरत आला आहे. मंड्या-म्हैसूर परिसरातील बन्नूर जातीच्या मेंढ्यांना तेथे विशेष मागणी असते.

घरी आणलेल्या मेंढ्याला मुले चारा-पाणी देतात, त्याचे नावही ठेवतात. चार दिवसांत त्याच्यावर जीव जडतो. मग ईद उजाडते आणि मूल रडू लागते. अशा वेळी त्याला दटावणे किंवा खोटे सांगून फसवणे योग्य नव्हे. ज्यावर माया नाही, ते दिल्याने त्याग होत नाही. मुलाच्या डोळ्यांतील पाणी हीच कुर्बानीचा अर्थ समजण्याची पहिली पायरी होय.

त्याला जवळ घेऊन इब्राहीम पैगंबरांची कथा सांगावी. आपल्या पुत्राची कुर्बानी देण्याची आज्ञा त्यांना स्वप्नात झाली. पिता सिद्ध झाला, पुत्र इस्माईलही सिद्ध झाले. परंतु ईश्वराने पुत्राला वाचवले आणि त्याच्या जागी मेंढ्याची कुर्बानी झाली. ईश्वरापर्यंत रक्तमांस नव्हे, तर माणसाची निष्ठा पोहोचते, अशी कुराणाची शिकवण आहे.

मात्र केवळ कथा पुरेशी नाही. प्रथेप्रमाणे मांसाचे तीन वाटे करतात: एक घरासाठी, दुसरा आप्तमित्रांसाठी, तिसरा गरिबांसाठी. हा तिसरा वाटा पोहोचवायला मुलाला सोबत न्यावे. ज्या घरी एरवी चूल जेमतेम पेटते, त्या घरचा आनंद त्याने पाहावा. तरीही त्याचे दुःख लगेच ओसरेल असे नाही. ओसरावे अशी घाईही करू नये. मोठेपणी तोच हात आपल्या ताटातले दुसऱ्याला देताना अडखळणार नाही.

स्वाध्याय
१. मुलाचे रडणे ही अर्थ समजण्याची पहिली पायरी का म्हटली आहे?
२. तुमच्या घरच्या एखाद्या सणाचा अर्थ मुलांना कसा सांगाल? आठ-दहा ओळी लिहा.