पायथॉनचे प्रमाणपत्र आणि आपले विद्यार्थी

जानेवारी 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेल्या अस्पृश्य मुलाचे हायस्कूल पुरे होणे हीच मोठी गोष्ट होती. आज त्याच शहरातील आमच्या निवासी शाळेचे माजी विद्यार्थी पदवी घेऊन भेटावयास येतात आणि विचारतात, “सर, डेटा अॅनालिस्ट व्हायचं आहे. पायथॉनचं सर्टिफिकेट काढलं तर नोकरी लागेल ना?” या प्रश्नामागे कोणाच्या आईची विड्या वळून साठवलेली रक्कम असते, तर कोणाच्या घरी कर्जाचा विचार चाललेला असतो. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

आपल्या समाजाचा प्रमाणपत्रावरील विश्वास अनुभवातून आलेला आहे. डी.एड., बी.एड., टंकलेखन, 2001 नंतर एमएस-सीआयटी, ही सारी प्रमाणपत्रे शासकीय जाहिरातीत अट म्हणून छापलेली असत. कागद असला तर अर्ज ग्राह्य, नसला तर बाद. डेटा अॅनालिस्टच्या खाजगी नोकरीत अशी वैधानिक अट नाही. तेथे पायथॉन किंवा एसक्यूएलचे प्रमाणपत्र पात्रता ठरवीत नाही. तो उमेदवाराच्या बाजूचा एक पुरावा असतो. आणि पुराव्याचे वजन त्याच्या परीक्षणावर अवलंबून असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

ताम्रपट हाती आला की आपण विचारतो : तो कोणी दिला, कोणत्या परिस्थितीत दिला, त्यातील मजकूर इतर साधनांशी जुळतो काय? हेच प्रश्न प्रमाणपत्रास विचारावेत. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटीईएल उपक्रमात पाठ विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी मात्र नेमलेल्या केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत स्वाध्यायांचे 25 आणि परीक्षेचे 75 असे प्रमाण असते. कोर्सेरावरील गूगलच्या डेटा अॅनालिटिक्स प्रमाणपत्रात शिकण्याची आखणी चांगली आहे. परंतु चाचण्या घरी बसून, पर्यवेक्षकाविना होतात. मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआयची परीक्षा पर्यवेक्षित असते, मात्र ते प्रमाणपत्र एका वर्षाने नूतनीकरण करावे लागते. गल्लीतील क्लासचे ‘सहभाग प्रमाणपत्र’ तर फक्त शुल्क भरल्याची पावती होय. हे चारही कागद भिंतीवर सारखेच शोभतात. मुलाखत घेणाऱ्याच्या लेखी ते सारखे नसतात.

मग प्रमाणपत्र निरर्थक आहे काय? आमचे मत तसे नाही. ज्याचा मामा किंवा वडिलांचा मित्र हिंजवडीत मोठ्या पदावर आहे, त्याचा अर्ज ओळखीने पुढे सरकतो. आपल्या मुलांना अशी ओळख नसते. वाणिज्य किंवा कला शाखेची पदवी, लहान गावचे महाविद्यालय आणि अडखळते इंग्रजी, अशा अर्जाकडे निदान एकदा नीट पाहावे यासाठी पर्यवेक्षित परीक्षेचे एक प्रमाणपत्र उपयोगी पडते. शिवाय परीक्षेची तारीख ठरली की अभ्यासास शिस्त लागते. असे एक, फार तर दोन, पुरेत. पाच-सहा प्रमाणपत्रांची माळ पाहून, हा उमेदवार शिकतच राहिला, काम केव्हा करणार, अशी शंका येते.

क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम एक्सेल पक्के करावे, नंतर एसक्यूएल, त्यानंतर पायथॉन. बहुतेक मुले पायथॉनचे नाव मोठे म्हणून तेथूनच आरंभ करतात. पण कार्यालयातील माहिती तक्त्यांत साठवलेली असते व ती काढण्याचे काम एसक्यूएलचे असते. पायथॉन ही भाषा विनामूल्य आहे, तिच्यासाठी कर्ज काढण्याचे काही कारण नाही. नोकरीची हमी देऊन मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्या क्लासपासून पालकांनी दूरच राहावे. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले. ते जाहिरातीसही लागू पडते.

भाषा येणे आणि विश्लेषण करणे यांतील अंतर बाबासाहेबांच्या एका निबंधावरून ध्यानात येईल. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिले. शेते लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, ती एकत्र करा, असे तेव्हा अनेक विद्वान म्हणत. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला : त्या जमिनीवर भांडवल किती आणि माणसे किती? उत्तर निघाले की भांडवल अपुरे आहे आणि शेतीवर माणसांचा भार अधिक आहे. उपाय औद्योगिकीकरणात आहे. आकडे इतरांनाही उपलब्ध होते. कोलंबियाची पदवी त्यांच्याजवळ होती, तथापि तो निबंध आजही वाचला जातो तो या प्रश्नामुळे.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी असा विषय सोलापूरच्या बाजार समितीतच आहे. कांद्याची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर शासकीय संकेतस्थळावर मिळतात. समजा, एके दिवशी 1,000 क्विंटल कांदा 3,000 रुपये दराने विकला गेला आणि दुसऱ्या दिवशी 9,000 क्विंटल 1,000 रुपये दराने. दोन दरांची साधी सरासरी 2,000 रुपये येते. आवकेचा भार धरून काढली तर ती 1,200 रुपये येते, आणि शेतकऱ्यांच्या पदरी क्विंटलमागे प्रत्यक्षात पडलेली रक्कम तीच. हा 800 रुपयांचा फरक ज्याच्या ध्यानात येतो, तो विश्लेषक. पायथॉनला दोन्ही सरासऱ्या क्षणात काढता येतात. कोणती काढावयाची, हे त्याला सांगावे लागते.

एका हंगामाचे आकडे घ्यावेत, त्यांतील गाळलेल्या व चुकीच्या नोंदी दुरुस्त कराव्यात, किमान व कमाल दरांतील दरी कोणत्या आठवड्यात रुंदावते ते शोधावे आणि निष्कर्ष दोन पानांत मांडावा. प्रोग्राम गिटहबवर ठेवून त्याचा दुवा अर्जात वर द्यावा; प्रमाणपत्राची ओळ त्याच्या खाली यावी. दिवाळीच्या सुटीत शाळेत येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी हीच दोन पाने दहावीच्या वर्गासमोर वाचून दाखवावीत. त्या वर्गात कांदा पिकवणाऱ्यांची मुले आहेत. आकडा चुकला तर ती लगेच सांगतील.